अक्षरांची अदलाबदल

"मॅडम, लवकर या. माह्या पोराले मारून टाकतीन हे लोक!"

फोनवर गफ्फार शेख होते. राजुऱ्याच्या बसस्टँडजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ होता. सब-इन्स्पेक्टर रीता आत्रामने उघडलेला डबा तसाच झाकला आणि जीप काढायला सांगितली. नाहीतरी जेवण जात नव्हतं. पांढरवाहीच्या तलावावर जाऊन आल्यापासून तिला डब्यातल्या भातालासुद्धा सडक्या मासळीचा वास येत होता.

त्या तलावातली सगळी मासळी एका सकाळी उलटी पडली होती. रोहू, कतला, मरळ, पार झिंग्यांपर्यंत. पांढऱ्या पोटांचा खच काठाला लागला होता आणि पाण्यावर पिवळसर साय धरली होती. ढिवरांनी, म्हणजे तलावावर जगणाऱ्या मासेमारांनी, टोपल्या भरभरून मासळी बाहेर काढली. त्यांच्यातल्या मनसारामची म्हातारी आई सोमारी हिला ती पुरून टाकणं जिवावर आलं. तिने थोडे झिंगे धुऊन रस्सा केला आणि एकटीनेच खाल्ला. दुसऱ्या दिवशी ती गेली.

पुरावा एकच होता. त्या पहाटे लग्नाचं काम आटोपून परतणाऱ्या गफ्फारभाऊंनी तलावात पाइप सोडून उभा असलेला, कारखान्याचं घाण पाणी वाहणारा एक टँकर पाहिला होता. त्यांनी लांबूनच त्याचे फोटो काढले होते. काल संध्याकाळी ढिवरांनी ते फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर पाहिले. आज त्यांची सीडी पोलिसांना मिळायची होती.

आणि आज कॉम्प्युटर उघडत नव्हता.

स्टुडिओसमोर गर्दी होती. शटर अर्धं ओढलेलं. मनसाराम सगळ्यात पुढे होता, आईच्या मर्तिकात केस उतरवलेल्या डोक्यावर उपरणं बांधून.

"ह्या नबीलले कारखान्यानं नोकरी कबूल केली मॅडम! म्हणून यानं मशीन बिघडवली. माही माय मेली अन् हा विकल्या गेला!"

"मनसारामभाऊ, मागे व्हा. मी पाहते."

"का पाहता? सारं तर दिसून राह्यलं!"

"मले नाही दिसून राह्यलं अजून," रीता म्हणाली. "दिसलं की तुम्हालाच आधी सांगीन."

ती शटरखालून आत गेली. गफ्फारभाऊंचा पंचविशीतला मुलगा नबील खुर्चीत बसला होता. ओठ फुटलेला. गफ्फारभाऊ त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते.

"कारखान्याच्या नोकरीचं खरं आहे?"

"अर्ज केला होता मॅडम. साऱ्यांनीच केला. मनसारामभाऊच्या पुतण्यानंही केला."

"कॉम्प्युटरला काय झालं ते दाखव."

नबीलने बटण दाबलं. विंडोज सुरू झालं, नावाचा पडदा आला. त्याने पासवर्ड टाकला. मशीनने तो घेतला, क्षणभर सेटिंग लोड होत असल्याचं दाखवलं आणि लगेच परत बाहेर काढून त्याच नावाच्या पडद्यावर आणून सोडलं. नबीलने पुन्हा पासवर्ड टाकला. पुन्हा तेच.

"हे बाहेरच्यांना दाखवलंस?"

"नाई. सकाळी मी एकटाच होतो. लोकं आले तर एवढंच बोललो, कॉम्प्युटर चालू होऊन नाई राह्यला. पुढचं ऐकलंच नाई कोणी. मारलं."

"काल दुकान बंद करताना?"

"एकदम बराबर होता. मीच बंद केला."

"दुकानाची चावी?"

"माह्याच जवळ."

गफ्फारभाऊंनी डोळे मिटले. पोरगा स्वतःच स्वतःभोवती फास आवळत होता.

"कॅमेऱ्याच्या कार्डात फोटो असतील ना?"

"नाई जी," गफ्फारभाऊ म्हणाले. "कॉम्प्युटरमंदी टाकले अन् कार्ड खाली केलं. मंग त्याच्यावर दुसऱ्या लग्नाची हळद शूट केली."

"काल संध्याकाळी इथे कोण कोण होतं?"

"मनसाराम, त्याचे सोबती, मच्छीमार सोसायटीचे सचिव गुणवंतराव. सारे फोटो पाहून राह्यले होते. तेवढ्यात मगरिबची अजान झाली. मी नमाजले गेलो. नबील साऱ्यांसाठी चहा आणाले गेला."

"मग दुकानात कोण?"

"लोक होते ना जी. आपलेच लोक."

रीताने कॉम्प्युटर बंद करायला लावला. बापलेकांना पोलीस ठाण्यात बसवलं, दुकानाला आपलं कुलूप लावलं आणि दारात हवालदार दसरूला उभं केलं. मशीनचं नेमकं काय झालंय, हे कुणाकडे बोलायचं नाही, अशी दोघांना ताकीद दिली. गर्दीला वाटलं नबीलला अटक झाली. रीताने तसंच वाटू दिलं.

तिथून ती पांढरवाहीला गेली. वास बांधाच्या अलीकडेच सुरू झाला. काठावरच्या खड्ड्यांत पुरलेली मासळी कुत्र्यांनी उकरून काढली होती. घोंगावणाऱ्या माश्या उठून तोंडावर येत होत्या. रीताने ओढणीसारखा रुमाल नाकाला बांधला, तरी जिभेवर चव आल्यासारखं झालं.

गुणवंतराव बांधावर उभे राहून गडीमाणसांकडून चुना टाकून घेत होते. इस्त्रीचा सफारी, नाकाला अत्तराचा रुमाल. बाजूला मोटारसायकल उभी होती, मागच्या मडफ्लॅपवर निळा मोर रंगवलेला. सोमारीच्या मौतीला लाकडं यांनीच आणून दिली होती, शोकसभेत बोलताना रडलेही होते. गावात त्यांच्या शब्दाला मान होता.

"सापडलं का काही मॅडम?"

"नबीलला बसवून ठेवलंय. तुम्ही सकाळी राजुऱ्याला गेला होता?"

"नाई जी. दिवस निघाल्यापासून मी इथीच आहो. मनसारामचा फोन आला, कॉम्प्युटर बंद पडला म्हणून. ऐकून हातपायच गळाले माहे."

"नबील काय करू शकतो, असं तुम्हाला वाटतं?"

"पोरगं तसं वाईट नाई. पण नोकरीपाई माणूस काय करत नाई? आता पाहा ना, पासवर्ड घेते अन् लगेच बाहेर फेकते. ह्याले दुसरा इलाज नसते. फॉर्मॅट मारा लागते. मी तर म्हणतो आजच मारून टाका. गफ्फारभाऊचा धंदा तरी चालू होईन. फोटो तर गेलेच."

"फॉर्मॅट म्हणजे सगळं पुसलं जाणार?"

"पूर्ण. पण करता काय?"

रीताने मान हलवली. बांधाखाली चुन्याचं घमेलं उचलणाऱ्या ढिवरांपाशी थांबून तिने एकच प्रश्न विचारला, काल चहा येईपर्यंत ते कुठे बसले होते. "बाहेरच्या बाकावर जी," एक जण म्हणाला. "आमच्या अंगाले वास येते. फोटोच्या दुकानात कसं बसाव? सचिवसाहेब तेवढे आत पंख्याखाली बसले होते."

दुपारी स्टुडिओतला कॉम्प्युटर तहसीनच्या क्लासमध्ये पोचला. तहसीन राजुऱ्यात मुलामुलींना कॉम्प्युटर शिकवायची आणि तालुक्यातली निम्मी मशीन तीच दुरुस्त करायची. तिने हार्ड डिस्क काढून आपल्या मशीनला दुसरी डिस्क म्हणून जोडली. दोन्ही भाग उघडले. एका भागात विंडोज होतं. दुसऱ्यात लग्नं, बारशी, पासपोर्टचे चेहरे, आणि शेवटी टँकरचे फोटो.

"सगळे आहेत?" रीताने विचारलं.

"एकही गेला नाई. डिस्कले काहीच झालं नाई मॅडम."

"मग मशीन बाहेर का फेकत होतं?"

तहसीन बराच वेळ त्या विंडोजची रजिस्ट्री, म्हणजे त्याची आतली नोंदवही, तपासत होती. मग खुर्चीला टेकली.

"कोणीतरी अक्षरं बदलली. डिस्कचे दोन भाग असतात ना, सी अन् डी. विंडोज सीमध्ये, फोटो डीमध्ये. यानं त्यांची नावं उलटी करून ठेवली. आता विंडोज स्वतः डीमध्ये आहे, पण त्याले पाठ आहे की आपलं घर सी. पासवर्ड घेतल्यावर ते पुढची फाइल सीमध्ये शोधाले जाते. तिथी लग्नाचे फोटो! फाइल भेटत नाई, म्हणून बाहेर येते."

"व्हायरस?"

"नाई. चुकूनही होत नाई. सरळ मार्गानं हे अक्षर बदलाले गेलं तर विंडोजच नाई म्हणते. हे रजिस्ट्रीत हात घालून केलंय. माहीत असलं तर चहा पिईपर्यंतचं काम."

"आणि बदललं की लगेच मशीन बंद पडतं?"

"नाई ना. चालूच राहते. पुढच्या वेळी सुरू करान तेव्हा कळते."

रीता उठून खिडकीपाशी गेली आणि परत आली.

"असं तू आधी कुठे पाहिलंस?"

"एकदाच. गेल्या वर्षी मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात. त्यांचं विंडोज चुकून भलत्याच अक्षरावर बसलं होतं. मी म्हटलं राहू द्या, चालते तसंच. पण त्यांनी कुठून तरी शिकून बदललं, अन् मशीन असंच बाहेर फेकाले लागलं. तेव्हा मलेही उपाय माहीत नव्हता. फॉर्मॅट मारून दिलं."

"टँकरचा फोटो मोठा कर. टँकर नको. हा डावा कोपरा."

बेशरमाच्या झुडपाआड एका मोटारसायकलचं मागचं चाक दिसत होतं. मडफ्लॅपवर काहीतरी निळं होतं. तहसीनने आणखी मोठं केलं. रीताने पाहिलं आणि ठाण्यात फोन करून टँकरचं काम कोणाकडे आहे ते शोधायला सांगितलं.

संध्याकाळी तिने सगळ्यांना क्लासमध्ये बोलावलं. मनसाराम, त्याचे सोबती, गफ्फारभाऊ, नबील, गुणवंतराव. पडद्यावर टँकरचा फोटो होता. तो पाहून मनसाराम जागीच थबकला.

"फोटो आहेत?"

"आहेत. कधी गेलेच नव्हते," रीता म्हणाली. "मशीन सकाळी नबीलच्या हातात बंद पडलं, म्हणून तुम्ही त्याला धरलं. पण बिघाड काल संध्याकाळीच करून ठेवला होता, मशीन पुन्हा सुरू होईल तेव्हा कळेल असा. आणि नबीलला तो करायची गरजच नव्हती. फोटो कुठे ठेवलेत ते त्याला माहीत होतं. पुसले असते, संपलं असतं. हे काम अशा माणसाचं, ज्याला पडद्यावरच्या फोटोंच्या आणखी प्रती मशीनमध्ये कुठे आहेत ते माहीत नव्हतं आणि शोधायला वेळही नव्हता. शिवाय फोटो पुसलेले दिसले असते तर चौकशी झाली असती. मशीनच बिघडलं, तर मालक स्वतः फॉर्मॅट मारून घेतो. पुरावा मालकाच्याच हाताने जातो."

"कोण?" मनसारामने विचारलं.

"काल चहा येईपर्यंत तुम्ही बाहेर बाकावर होतात. आत एकच माणूस होता."

गुणवंतराव हसले. "मॅडम, आत बसणं गुन्हा आहे का?"

"नाही. पण मशीन पासवर्ड घेतं आणि बाहेर फेकतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मनसारामनं."

"मी?" मनसाराम म्हणाला. "मलेच कुठी माहीत होतं ते! मी म्हटलं कॉम्प्युटर बंद पडला, बस."

"नबीलने ते फक्त वडिलांना आणि मला दाखवलं. तुम्ही सकाळपासून तलावावर होतात. तरी तुम्हाला माहीत होतं, कारण तुमच्या ऑफिसातल्या मशीनचं गेल्या वर्षी हेच झालं. इलाज म्हणून फॉर्मॅट मारतात, हेही तुम्ही तिथेच शिकलात." रीता तहसीनकडे वळली. "कोपरा दाखव."

निळा मोर पडद्यावर पसरला. खोलीतल्या प्रत्येक ढिवराने तो सचिवांच्या मोटारसायकलवर पाहिलेला होता.

"काल सगळे टँकर पाहत होते," रीता म्हणाली. "यांनी स्वतःला पाहिलं. टँकरचं काम यांच्या मेहुण्याकडे आहे. कारखान्याचं घाण पाणी लांब नेऊन टाकायचं होतं. लांब कशाला? यांनी तलावाची वाट दाखवली."

गुणवंतरावांच्या कपाळावर घाम आला होता. रुमाल अजून हातात होता. "एवढं होईन असं वाटलं नव्हतं मॅडम. पाणी मोठं आहे, मिसळून जाईन म्हटलं. म्हातारीनं ते झिंगे खाल्ले नसते तर..."

"चूप," रीता म्हणाली. त्या माणसाचा आवाज तिला ऐकवेना.

मनसाराम पुढे आला. रीताला वाटलं, हात उगारेल, म्हणून दसरू मध्ये सरकला. पण मनसारामचे हात खालीच होते.

"सचिवसाहेब, त्या तलावाचं पाणी साऱ्या गावानं पेलं. तुमचे लेकरं नाई पेले का?"

"आमच्या घरी बोअर आहे," गुणवंतराव म्हणाले.

ते सहज बोलून गेले, कुणी पत्ता विचारल्यावर सांगावा तसं. एक ढिवर दाराबाहेर जाऊन थुंकला. मनसाराम नबीलपाशी गेला, त्याच्या फुटलेल्या ओठाकडे पाहत राहिला, आणि खाली बसून त्याच्या पायाला हात लावू लागला. नबीलने त्याला धरून उभं केलं.

दसरूने गुणवंतरावांना दंडाला धरलं. "मॅडम, जीपमंदी बसवू?"

"नको," रीता म्हणाली. "माझ्या जीपमध्ये नको. बाजारातून पायी घेऊन चल."