दिवंगत ताई

स्वप्नाली फर्स्ट शिफ्ट करून घरी आली तेव्हा बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर तिचा फोटो लावलेला होता, आणि त्या फोटोला चंदनाचा हार घातलेला होता...

चाकणपासून भोसरीपर्यंत कंपनीच्या बसमध्ये पेंगत आलेल्या माणसाला काहीबाही दिसू शकतं, म्हणून तिनं डोळे चोळून पुन्हा पाहिलं. फोटो खराच होता. मामेबहिणीच्या लग्नात जांभळी साडी नेसून हौसेनं काढून घेतलेला. आणि त्या फोटोखाली, लॅपटॉपसमोर, तिचा धाकटा भाऊ सुजित वर कोट-टाय आणि खाली बर्म्युडा अशा थाटात बसून इंग्रजीत सांगत होता, की माझी मोठी बहीण गेल्या वर्षी डेंग्यूनं गेली, आणि जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाली, तू उडायलाच हवंस...

ती दारातच थिजली. इंग्रजी तिला बोलता येत नसलं, तरी आपण मेलो आहोत हे कळण्यापुरतं येत होतं.

"थांब, थांब," लॅपटॉपमधून आवाज आला. "मागे कोण उभं आहे?"

"सर, ती... ताई."

"कुठली ताई?"

"तीच, सर."

मग आवाज वैतागून म्हणाला, "हे बघ सुजित, दिवंगत व्यक्ती कॅमेऱ्यात येता कामा नये. त्यांना आत जायला सांग आणि पहिल्यापासून सुरू कर."

हा आवाज कॅप्टन धनेश यांचा. कॅप्टन ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केली होती. कुठल्या विमान कंपनीनं त्यांना कधी त्या खुर्चीत बसवल्याचं ऐकिवात नव्हतं. पुनावळ्याच्या एका टोलेजंग इमारतीत, खिडकीला विमानाचं चित्र चिकटवून, ते वैमानिकांच्या मुलाखतीची तयारी करून घेत. परवाना हातात असून वर्षानुवर्षं घरी बसलेली पोरं त्यांच्याकडे रांग लावत, आणि कॅप्टनसाहेब त्यांना कसं बसायचं, कसं हसायचं आणि कुठल्या वाक्याला डोळ्यांत पाणी आणायचं हे शिकवत. ज्यांना घरात दोन शब्द धड बोलता येत नाहीत अशांनी हुंदका केव्हा द्यायचा याची शिकवणी लावावी, हा आपल्या काळाचाच महिमा म्हणायचा!

स्वप्नाली आत गेली नाही. खांद्यावरची पिशवी खाली ठेवून ती खुर्ची ओढून भावाच्या शेजारी, बरोबर कॅमेऱ्यासमोर बसली.

"नमस्कार साहेब. मी दिवंगत."

"मॅडम, कृपया गैरसमज करून घेऊ नका," कॅप्टन धनेश एकदम मधाळ झाले. "टेक्निकलमध्ये तुमचा भाऊ उत्तम आहे. पण मुलाखत घेणाऱ्या पॅनलला कहाणी लागते. घरात काहीतरी सोसलेलं दिसावं लागतं."

"मग आईला का नाही मारलं?"

"आई सगळेच मारतात, मॅडम. पॅनल कंटाळलंय. बहीण जरा फ्रेश वाटते."

सुजित खाली मान घालून टायची गाठ कुरवाळत होता. स्वप्नालीनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिचं अंतःकरण तिरस्कारानं आणि मायेनं एकदमच भरून आलं. ह्याच्यासाठी...! वडील गेले तेव्हा हा दहावीत होता. तेव्हापासून ती चाकणच्या कारखान्यात लाइनवर उभी राहिली, गाड्यांच्या दारांची कुलपं जोडत राहिली. भोसरीतल्या एका वर्कशॉपवाल्याचं स्थळ चालून आलं होतं. त्यानं तिला पसंतही केलं होतं. पण तेव्हा सुजितचं विमान शिकणं अर्ध्यावर होतं, आणि घरात पगार आणणारी ती एकटीच होती. थांबतो म्हणाला होता तो माणूस. थांबलाही. मग त्याचं थांबणं संपलं. हे सगळं तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, आणि न बोलणाऱ्या माणसाचं असं होतं, घरच्यांना वाटतं की त्याला काही झालंच नाही.

आणि सोसल्याची कहाणी हवी होती, तर ती एवढी समोर उभी असताना ह्या शहाण्यांना बाजारातून दुसरी आणावी लागली!

स्वयंपाकघरातून त्यांची आई, सुमनताई, पदराला हात पुशीत आल्या. लातूरकडून येऊन त्यांना भोसरीत निम्मं आयुष्य झालं, पण बोली तिकडचीच राहिली होती.

"असं काय करायलीस माय? हार घातला म्हणून काय खरंच मरायलीस का? उलटं हाय ते. जित्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं. आपल्याकडं म्हणतेतच की."

"म्हणजे माझं भलंच केलंत तुम्ही."

"म्या रोज तुझी दृष्ट काढीन. मग तर झालं? त्याचं वय निघून चाललंय गं. ही शेवटची संधी म्हणायलेत सर."

आणि खरोखरच त्या दिवशी संध्याकाळी सुमनताईंनी मीठ-मोहरी लेकीवरून उतरवून गॅसवर टाकली. भिंतीवर मेलेली लेक, खाली जिवंत लेक, दोघींच्या मध्ये ही आई मोहरी तडतडवत उभी. अडाणीपणाची सीमा म्हणावी की मायेची...

शेजारच्या केसरबाई विरजण मागायला आल्या त्या भिंतीकडे पाहून मटकन खालीच बसल्या आणि हंबरडा फोडला. स्वप्नालीनं आतून चहाचा कप आणून त्यांच्या हातात दिला. "घ्या काकू. माझ्या तेराव्याचा चहा."

व्हिडिओवरची पहिली फेरी सुजितनं पार केली. प्रत्यक्ष मुलाखतीचं बोलावणं आलं आणि कॅप्टनसाहेबांच्या सूचनाही आल्या. बहिणीबरोबरचे सगळे फोटो मोबाइलवरून, इंटरनेटवरून काढून टाकावेत. निवड झाली की सोबतचे वैमानिक घरी येतील-जातील, तेव्हा मॅडमनी दुसरीकडे राहिलेलं बरं. कहाणी एकदा सांगितली की आयुष्यभर सांभाळावी लागते.

"असं म्हणतात सर," सुजित जमिनीकडे पाहत म्हणाला.

"तू काय म्हणतोस?"

"मी काय म्हणणार, ताई..."

तिनं आईकडे पाहिलं. आई एक शब्द बोलली असती, राहा म्हणाली असती, तरी तिनं सगळं माफ केलं असतं. सुमनताई तांदूळ निवडत राहिल्या.

"बरं," स्वप्नाली म्हणाली. "तुमच्यासाठी जगून झालं, आता मरूनही बघते. पण नोकरी मिळव म्हणजे झालं. फुकट मेले असं व्हायला नको."

लाइनवरची मैत्रीण दीपमाला चाकणला खोली करून राहत होती. तिच्याकडे स्वप्नालीनं आपलं बिऱ्हाड नेलं. बिऱ्हाड कसलं, चार साड्या आणि एक उशी. दीपमालानं काही विचारलं नाही. फक्त पहिल्या रात्री अंथरूण घालताना म्हणाली, "तुझ्या घरची माणसं फार मोठी होणार बघ, बाई. त्यांना लाज लवकर वाटते."

स्वप्नालीनं भिंतीकडे तोंड केलं, आणि इतक्या दिवसांचं अडवून ठेवलेलं सगळं उशीत मुरू दिलं.

मुलाखत विमानतळाजवळच्या एका हॉटेलात होती. त्या दिवशी शिफ्ट सुटली, बायकांचा घोळका कंपनीच्या गेटबाहेर पडला, आणि समोर रस्त्यापलीकडे, कांद्याच्या ट्रकांच्या धुरळ्यात, कोट-टाय घातलेला सुजित उभा होता. हा गेटवर आजवर कधी आला नव्हता. मित्रांना तो बहीण ऑफिसात आहे असं सांगायचा. ते तिला ठाऊक होतं.

तो रस्ता ओलांडून आला आणि सगळ्या बायकांदेखत वाकून तिच्या पायांवर डोकं टेकवलं. कोटाला धूळ लागली. तिनं पाय मागे घेतले.

"झाली का निवड? कुणाला दाखवायला घेतोयस दिवंगतांचं दर्शन?"

"ताई, माझ्याआधी तिघं होते. तिघंही धनेश सरांकडचे."

"मग?"

"तिघांच्याही बहिणी डेंग्यूनं गेल्या होत्या."

दीपमाला फस्सकन हसली आणि पदर तोंडावर घेऊन दूर झाली. स्वप्नाली हसली नाही.

"मी आत गेलो तर पॅनलमधल्या बाईंनी फाइल उघडलीच नाही. म्हणाल्या, तुमची बहीण कधी वारली? बाकीचे सगळे हसले गं. पाठ केलेलं सगळं तोंडाशी होतं, ताई. खोटं कशाला सांगू, मी पहिलं वाक्य सुरूही केलं. आणि मग मला तुझी उशी आठवली. काखेत उशी घेऊन तू जिना उतरलीस ती... मी म्हणालो, माझी बहीण जिवंत आहे. चाकणला लाइनवर काम करते. मी जो काही आहे तो तिच्यामुळे आहे, आणि मीच तिला घराबाहेर काढलंय."

स्वप्नालीनं तोंड फिरवून ट्रकांकडे पाहिलं.

"मग त्यांनी घेतलं का?"

"नाही." सुजितनं टायची गाठ ओढून सैल केली. "त्या बाई चांगल्या होत्या, ताई. बाकीच्यांसारखं हसल्या नाहीत. त्यांनी साधंच विचारलं, तुमच्या बहिणीला काय आवडतं? आणि मला... मला सांगताच आलं नाही. मेलेल्या बहिणीची सगळी उत्तरं पाठ होती. ती जाताना काय म्हणाली, तिचं स्वप्न काय होतं, सगळं. तुझं मला एकही येईना. त्या म्हणाल्या, या तुम्ही."

कंपनीची बस हॉर्न देत होती. बायका चढत होत्या. सुजित रडत होता, आणि हुंदका कुठल्या वाक्याला द्यायचा हे या खेपेला त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"तुला काय आवडतं, ताई?" तो म्हणाला. "मला सांग. नोकरीसाठी नाही विचारत."

स्वप्नालीनं त्याच्या कोटावरची धूळ झटकायला हात पुढे केला, आणि तो हात तिथंच, त्याच्या खांद्यावर राहिला. किती वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिनं आठवून पाहिलं. चटकन काही सापडेना. मग आजवर जपलेला सगळा तिरस्कार गळून पडल्यावर जे उरलं, ते तिनं सांगितलं.

"मला जगायला आवडतं, सुज्या. निदान एवढं तरी तुला माहीत असायला हवं होतं."