रोशनदान

आधी चुना पडला. मग ढेकूळ पडलं. मग छताला भोक पडलं आणि त्यातून एक माणूस डोकावला!

"या अल्ला! ओ मिस्त्री, खाली माणसं हायेत!" शाहीननं ओढणी झटकली. केसांत, पापण्यांवर... सगळीकडं पांढरं.

"मिस्त्री न्हाई, इंजिनिअर," वरून आवाज आला. "अन् तुमी खाली कावून उभ्या? दारावर पाटी लावलीय."

"माझ्याच घरात मला पाटी?"

वरचा चेहरा ओशाळला, मग हसला. तेवढं हसू पुरलं बघा! पोरगी खोकायचं विसरली.

पाटोद्यातली ही हवेली शाहीनच्या पणजोबांनी निजामाच्या अमदानीत बांधलेली. खाली कमानींचा दिवाणखाना, वर बायकांच्या खोल्या, आणि दिवाणखान्याच्या माथ्यावर ही चिंचोळी खोली. तिला समोर दगडी जाळी, खालचा दिवाणखाना दिसेल अशी. बाकी खिडकी नाही की दिव्याला कोनाडा नाही. आता शाहीनचे अब्बा, पाशाभाई, हवेलीचं हॉटेल करत होते. 'हॉटेल' अशी पाटी लागल्यावर लोक दारात येऊन भजी मागू लागले, ते सोडा. काम बीडच्या फराजकडं होतं. त्याला वाटलं, जुना गवंडी उजेडाचं विसरला. म्हणून त्यानं अंधाऱ्या खोलीच्या डोक्यावर रोशनदान पाडलं आणि वर काच बसवली.

त्या खोलीतलं काम मग काही संपेना. फराज जाळीतला जुना चुना खरवडून नवा भरायचा, आणि शाहीन चहा घेऊन यायची.

"ही खोली कशाला होती?" त्यानं एकदा विचारलं.

"पोरगा बघायला आला की खाली बसायचा. पोरगी इथनं बघायची. त्याला ती दिसायची न्हाई."

"अन् पसंत पडला तर?"

"आईच्या कानात सांगायचं. आई बापाला सांगणार, बाप पाहुण्यांना."

"म्हंजे एवढा दगड कोरला," फराज जाळीवरून बोट फिरवत म्हणाला, "अन् पोरीचा आवाज तेवढा वरच ठेवला."

शाहीनला राग यायला हवा होता. पण ती विचारात पडली. अब्बांच्या फुफीनं, म्हणजे आत्यानं, इथूनच नवरा पसंत केला होता, आणि तिच्या मैत्रिणींना तेवढंही मिळालं नव्हतं. बांधणारा माणूस वाईट नव्हता. अर्ध्यावर थांबला होता, एवढंच.

"शाहीन..." फराज म्हणाला.

"काय?"

"काय न्हाई... चुना अजून ओला हाय."

अस्सा संताप आला तिला!

आणि तेवढ्यात बीडचं स्थळ आलं. फळांचे मोठे व्यापारी. अब्बा म्हणाले, "आपल्या जुन्या रिवाजानं बघ बेटा. न्हाई आवडला तर न्हाई." आता काय सांगायचं? मनातला माणूस बोलत नव्हता, आणि तिनं अम्मीच्या कानात नाव घेतलं आणि तोच नाही म्हणाला तर? आज गप्प राहिली, तर संध्याकाळपर्यंत सुपारी फुटणार होती.

ऐन दुपारी पाहुणे दिवाणखान्यात बसले. मुलाची आई इमामबी तक्क्याला टेकली. अब्बांनी काम दाखवायला म्हणून फराजलाही बोलावलं, आणि तो बिचारा खांबाशी मान खाली घालून बसला.

वर शाहीननं जाळीला कपाळ टेकवलं. मुलाकडं एकदा बघितलं. बरा होता, नाव ठेवायला जागा नव्हती. मग नजर खांबाशी गेली, ती तिथंच राहिली. डोळे भरून आले. ओठांतल्या ओठांत ती म्हणाली, "बोल ना रे येड्या..."

खाली एकेकाचं बोलणं थांबत गेलं. आधी मुलानं वर पाहिलं, मग इमामबीनं, मग अब्बांनी. रोशनदानातून दुपारचं ऊन थेट शाहीनच्या तोंडावर पडलं होतं! जाळीमागं अंधार हवा, ही गोष्ट इतक्या वर्षांत सगळेच विसरले होते. तिचे ओले डोळे दिसत होते, आणि ते कुणाकडं लागलेत तेही.

इमामबीनं कप खाली ठेवला. "पाशाभाई, पोरीनं पसंत केलंय. फकस्त आमच्या पोराला न्हाई."

सगळ्या माना खांबाकडं वळल्या. फराज धडपडत उठला. "चाचा, मला वाटलं गवंडी चुकला. माझीच गलती झाली, खोलीला उजेड..."

"खोलीचं कोण विचारतंय बे!" अब्बा गरजले.

फराजनं वर पाहिलं. "माझा लई जीव हाय तिच्यावर, चाचा. पण तुमी कामाला बोलावलं अन् मी असं कसं बोलू..."

अब्बांनी दाराशी उभ्या अम्मीला खूण केली, की वर जाऊन पोरीला विचार. अम्मी जिन्यापर्यंत पोचली, तर शाहीन निम्मा जिना उतरून आलेली. ती तशीच दिवाणखान्यात शिरली.

"मलाच विचारा ना, अब्बा. माझं हो हाय. फराजला."

इमामबी पदराआड हसत होती.

अब्बांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "उभा काय राहिलास?" ते फराजवर खेकसले. "बस खाली. आता तू पाहुणा हायेस."

तेव्हा बघायला आलेला तो मुलगा थोडा सरकला आणि त्यानं बैठकीवर फराजला जागा करून दिली.