मिटलेल्या पापणीआड

रुग्णांच्या डोक्याला वायरी चिकटवून मेंदूचा आलेख काढायचा, हे टिल्लीचं रोजचंच काम. आज मात्र खाटेवर तिचा सख्खा दादा होता.

दादाला वहिनीनं आपली किडनी दिली होती. "बायको आता माझ्या पोटात राहते," असं तो ज्याला त्याला सांगत सुटायचा. ती किडनी शरीरानं झिडकारू नये म्हणून त्याची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबून ठेवलेली. राखणच नाही म्हटल्यावर कुठलासा विषाणू शिरला, तो थेट मेंदूत. आधी दादाला नसलेल्या धुराचा वास येऊ लागला. मग तो माणसं विसरला. मग डोळेच उघडेना.

"आत जाग आहे का, तेवढं बघा," डॉक्टर म्हणाले होते.

वहिनी बाहेर बाकावर बसून होती. आत यंत्र सुरू करून टिल्ली सवयीनं म्हणाली, "डोळे उघडा. मिटा." आणि स्वतःवरच चरफडली. मिटलेलेच होते की!

पडद्यावर कपाळावरच्या वायरींच्या रेषांनी उसळी घेतली. पापणी लवली की घेतात, तशी.

तिनं दादाच्या पापण्यांवर बोटं ठेवली. गार होत्या. बोटांखाली काहीही हललं नाही, आणि पडद्यावर पुन्हा उसळी. तिनं वायरी बदलल्या, दुसरं यंत्र ओढून आणलं. तेच.

तिला आनंदानं रडूच कोसळलं.

"दादा, ऐकू येतंय? हो असेल तर एकदा, नाही तर दोनदा."

एकदा.

"दुखतंय का रे?"

दोनदा.

"मला ओळखलंस? तुझी टिल्ली!"

रेषा बराच वेळ उसळल्याच नाहीत. मग दोनदा.

विसरला असेल, आजारच तसला, असं तिनं मनाला समजावलं. पुढचं विचारायचं नव्हतं, पण तोंडून गेलंच.

"तू दादाच आहेस ना?"

दोनदा. लगेच.

दार उघडलं. डॉक्टर वहिनीला घेऊन आत आले. चेहरा खुललेला. "औषध लागू पडलंय. विषाणू हटला. उद्या-परवा डोळे उघडतील."

"टिल्ले, अगं, बोल ना!" वहिनीनं तिचे खांदे धरून हलवले. "जाग आहे ना आत?"

"आहे," एवढंच ती म्हणू शकली.

वहिनी दादाच्या कानाशी वाकली. "अहो, घरी यायचंय ना?"

टिल्लीनं पडद्याकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि बघितलं.

एकदा.