काचघरातली ऊब

बाबांना केस कापायला न्यायचं होतं, एवढंच त्या दुपारचं काम. मी आणि माझी बहीण ग्वेन त्यांच्या घरी पोचलो, तर मागचं दार सताड उघडं आणि त्यांचा कोट खुंटीलाच. जानेवारी महिना. आदल्या रात्री पडलेला बर्फ अजून तसाच होता, आणि त्यावर त्यांच्या सपातांचे ठसे थेट टेकडीवरच्या पडक्या हवेलीकडे गेले होते.

"या थंडीत तिकडं कशाला मरायला..." ग्वेन म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

हवेलीची पूर्वेकडची बाजू आमच्या जन्माआधीच पाडायला काढली होती. छपरावरचे शिशाचे पत्रे उतरवले, लाकडी जमिनी उचलल्या, आणि भिंती तशाच सोडून दिल्या. आत उभं राहून वर पाहिलं की तिन्ही मजल्यांच्या शेकोट्या एकावर एक भिंतीत लटकलेल्या दिसतात. पुढं पाय ठेवायला काहीच नाही. त्या भिंतींच्या टोकाला संत्र्यांचं काचघर. उंच कमानी दक्षिणेकडं तोंड करून उभ्या. मागची भिंत आतून पोकळ. भट्टीचा धूर तिच्यातून खेळवून हिवाळ्यात झाडं जगवायची. कमानींतल्या काचा बाबांनीच काढल्या होत्या, तरुणपणी, मजुरीवर.

रिकाम्या शेकोट्यांतून वारा घुमत होता. मी सारखा वर पाहत होतो. कुणीतरी एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर उतरतंय, असं वाटत होतं...

काचघराच्या उंबऱ्याशी बर्फ संपला. सुरीनं कापल्यासारखा. वर छप्पर नव्हतं, तरी आतली फरशी कोरडी होती. फुलांचा गोड, जड वास येत होता. बाबा मागच्या भिंतीला पाठ टेकून बसले होते, बाह्या दुमडून. कपाळावर घाम.

"दार लावा की! गार वारा आत येतोय."

दार नव्हतंच. मी भिंतीला हात लावला आणि झटकन मागं घेतला. चटका बसला होता. भिंतीच्या मागं वाकून पाहिलं, तर भट्टी केव्हाच ढासळलेली. तिच्या तोंडातून एक झाड उगवलं होतं.

"बाबा, उठा. घरी जाऊ."

"आणि याला एकट्याला टाकून?" त्यांनी शेजारी पाहिलं. "सगळं नेलं बिचाऱ्याचं. काचासुद्धा मीच नेल्या."

शेजारी कुणी नव्हतं. ग्वेननं त्यांचा दंड धरून ओढलं. ते भिंतीला आणखीच चिकटले. शर्टाचा करपल्यासारखा वास यायला लागला. माझा धीर सुटला.

"बरं, त्यालाही घेऊ या बरोबर! पण आता उठा."

बाबा लगेच उठले. मुकाट्यानं चालू लागले. आमच्या मागं ती भिंत तडतडत निवत गेली. मी वळून पाहिलं नाही.

बाबांना एकटं ठेवायला नको म्हणून माझ्या घरी न्यायचं ठरलं. ग्वेन गाडी चालवायला बसली, मी तिच्या शेजारी, बाबा माझ्या मागं. पूल ओलांडला. मग ग्वेन मला हळूच म्हणाली,

"हीवेल... बाबांना हात काढायला सांग ना. माझा खांदा भाजतोय..."

मी वळलो. बाबा गाढ झोपले होते. दोन्ही हात मांडीवर.