अर्धी तुळस

मिलचा दुपारचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. मालती सुपात ज्वारी निवडत होती. समोर बजाबाई मालतीच्या पाच वर्षांच्या लेकीला, रुक्मीला मांडीवर घेऊन तिचा हात कुरवाळत बसली होती. लहानपणीची मैत्रीण म्हणून ती परवा दारात उभी राहिली, तेव्हापासून रोज याच वेळी यायची. पाण्याचा घोट मात्र घ्यायची नाही.

जुन्या गोष्टी काढाव्यात तर तिनंच. प्लेगाच्या साली सोलापूर ओस पडलं, माणसं गावाबाहेर झोपड्या घालून राहिली. थोरं धास्तावलेली, पोरींना मात्र जत्राच. माळावरच्या चुली, हुरड्याचा धूर, पहाटे आईच्या जात्याची घरघर आणि दोघींत एक गोधडी. मग एका सकाळी शेजारची झोपडी रिकामी दिसली. बजा आईबापाबरोबर केम गावाला गेली, असं घरच्यांनी मालतीला सांगितलं होतं.

ऐकता ऐकता मालतीचा जीव मऊ झाला. तेवढ्यात बजाबाई गुणगुणली,

“दळण सरलं, दाणं ऱ्हायलं सुपात,
सई गेली बाई, झोका रिकामा लिंबात.”

मालतीचा हात थांबला. “ही ओवी आईनं तू गेल्यावर रचली.”

“मी ऐकली की. जात्यापाशीच हुते.”

मालतीनं सूप बाजूला सारलं. कुणीतरी हिला सगळं पढवून धाडलं असेल. लेकराच्या हातात चांदीच्या बिंदल्या होत्या, आणि गड्ड्याच्या जत्रेत पोरं हरवल्याचं दरसाल कानावर यायचं.

“रुक्मीला जरा गड्ड्यावर नेऊन आणू व्हय?” बजाबाईनं विचारलं.

“आधी तुझा हात दाखव.”

बजाची झोपडी रिकामी दिसली, त्याच्या आदल्या दिवशी माळावर गोंदणारीण आली होती. दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं संगं येतं, म्हणत तिनं मालतीच्या मनगटावर अख्खी तुळस काढली. बजानं मात्र वृंदावन झाल्यावर हात हिसकून धूम ठोकली. पानं राहिली ती राहिलीच. गोंदणारीण सोडली तर हे दोघींशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

बजाबाईनं पदर सारला. मनगटावर नुसतं वृंदावन होतं. वर पानं नव्हती.

मालतीला हायसं वाटलं. मग तिनं नीट पाहिलं.

ठिपके सुजलेले होते. वर लावलेली हळद ओली होती.

मालतीनं रुक्मीला ओढून जवळ घेतलं. “ती नाही यायची.”

“नगं धाडूस,” बजाबाई हसून उठली. “माजं काम झालं, मालू.”

ती उंबऱ्याबाहेर पडली. मालतीनं दाराची कडी घातली. रुक्मीची मूठ घट्ट मिटलेली होती.

“दुखतंय का गं?”

“नाही.”

मालतीनं बिंदली वर सरकवली. लेकराच्या सकाळपर्यंत कोऱ्या असलेल्या मनगटावर तुळशीची पानं होती, खाली वृंदावन नव्हतं. सूज नव्हती. हिरवा रंग विटलेला होता, मालतीच्या स्वतःच्या गोंदणाइतकाच.