सोमवारची सहाची खुर्ची

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. कुणाला पटवत बसण्याची ताकद माझ्यात उरलेली नाही. पण यातलं काहीही मनाचं नाही.

गेल्या जूनमधला रविवार. दुपारचे तीन. बेंगळुरूची इलेक्ट्रॉनिक सिटी, आमच्या ऑफिसचा चौथा मजला.

मजल्यावर मी एकटी होते.

वेबसाइटमधल्या चुका शोधणं हे माझं काम. त्या दिवशी एका डायलिसिस सेंटरची साइट तपासत होते. कुठल्या पेशंटला कधी खुर्ची मिळणार, ते तिच्यावर ठरणार होतं. संध्याकाळी ती सुरू करायची होती.

माझे वडील, सयाजी अण्णा, तिथेच जातात. सोमवारी सकाळी सहाची खुर्ची त्यांची. उपचार चुकला की पाय सुजतात, दम लागतो.

तपासणीसाठी खोटे पेशंट लागतात. बाकीचे 'टेस्ट एक', 'टेस्ट दोन' लिहितात. मी अण्णांच्या आत्याचं नाव टाकायचे. ठकुबाई. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. गेलेल्या माणसाला कसला आलाय त्रास, असं मला वाटायचं.

सुट्टीशिवाय बारावा दिवस होता. डोळे मिटत होते. चुका पटकन शोधणारं एखादं सॉफ्टवेअर सांग, असं मी एआयला म्हटलं. त्याने एक नाव दिलं.

ते कुणी बनवलंय हे बघितल्याशिवाय घ्यायचं नाही, हा आमचा नियम. नवीन आलेल्यांना तो मीच शिकवते. आणि मीच काही न बघता ते चढवलं.

चारशे पानं तपासून झाली. चूक एकच निघाली...

"ठकुबाई. केव्हाची बसली आहे."

स्क्रीनवर, मराठीत लिहिलेलं. आमच्या ऑफिसात मराठी येणारी मी एकटीच.

मी ते नाव पुसलं. पुन्हा तपासलं...

"ठकुबाई. अजून बसली आहे."

एसीची घरघर बंद झाली होती. कधी झाली, कळलंच नाही.

मागे, रिसेप्शनच्या बाजूला... खुर्ची करकरली.

मी वळून पाहिलं नाही. खरं सांगते, हिंमतच झाली नाही.

मी हात लावला नव्हता, तरी स्क्रीनवरची पेशंटची यादी आपोआप बदलली. सोमवार, सकाळी सहा. तिथे अण्णांचं नाव नव्हतं.

तिथे ठकुबाई होती.

मी राजाजीनगरला घरी फोन लावला.

"अण्णा, सेंटरमधून कुणाचा फोन आला होता का?"

"आत्ताच आला की. बाई होती कुणीतरी. म्हणाली, सयाज्या, मी आधी बसते, तू स्वल्प थांब."

मग अण्णांनीच विचारलं.

"मला सयाज्या म्हणणारं आता कोण उरलंय गं?"

मी कॉम्प्युटरची वायर ओढून काढली. फोन केल्यावर माझी वरिष्ठ भव्या घरून धावत आली, तिने साइट सुरू करणं थांबवलं. रात्रीपर्यंत आम्ही ते सॉफ्टवेअर शोधत राहिलो. माझ्या मशीनवर त्याची खूण नव्हती. इंटरनेटवर त्या नावाचं काहीच नव्हतं. एआयला पुन्हा विचारलं, तर माफी मागून म्हणाला, असं सॉफ्टवेअर माझ्या माहितीत नाही.

सेंटरने जुनं रजिस्टर काढलं. त्यात सोमवार सहा वाजता अण्णांचंच नाव होतं. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि सकाळी त्यांना घेऊन गेले.

खुर्ची रिकामी होती. चादर धुतलेली, नीट अंथरलेली.

अण्णा बसेनात.

"कूतकोळ्ळी सर," नर्स म्हणाली. बसा.

"आत्या बसलीय," अण्णा हळूच म्हणाले. "मोठं माणूस उठल्याशिवाय मी कसा बसू?"

आमच्या घरात थोरामोठ्यांना उठवून कुणी बसत नाही. अण्णा हात बांधून उभे राहिले. दहा मिनिटांनी "सरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि बसले.

दहा वाजता ते मशीन दुसऱ्या पेशंटला द्यावं लागतं. आता दर सोमवारी हेच. अण्णा जितका वेळ उभे राहतात, तितका त्यांचा उपचार कमी होतो. मी चिडले, रडले, त्यांच्या पाया पडले. ऐकतच नाहीत.

दहा मिनिटांची वीस झाली. गेल्या सोमवारी पाऊण तास झाला.

त्यांचे पाय सुजलेत.

उद्या सोमवार आहे.