कापसात ठेवलेली माशी

आकांक्षा थूल चिखलात गुडघे रोवून, श्वास रोखून एका माशीकडे बघत होती. पोकलेनचा आवाज तिला केव्हाचा येत होता; पण मशीन नाल्यात खूप खाली असेल असं ती धरून चालली होती. अंगावर सावली पडली तेव्हा कुठे तिने मान वर केली. डोक्यावर लोखंडी दातांचा पंजा थांबलेला होता आणि काठावर एक पिवळं धूड उभं होतं. इंजिन बंद झालं. केबिनचं दार उघडलं... आधी दोन लांबच लांब पाय खाली आले, मग उरलेला माणूस.

“काही हरपलं काय मॅडम तुमचं?”

“हलू नका,” ती कुजबुजली.

तो खरंच हलला नाही. एक पाय मशीनच्या लोखंडी चाकपट्ट्यावर, एक हवेत — तसाच उभा राहिला. करंजाच्या खोडावरची माशी दोनदा डुलली, सगळे पाय सैल सोडून उडाली आणि सावलीत विरून गेली.

“बरं झालं गेला,” तो म्हणाला. “केवढा मोठा मच्छर होता. चावला असता ना.”

“मच्छर नाही तो. ती माशी आहे. आणि ती चावत नाही, चावण्याजोगं तोंडच नाही तिला.”

“मंग जगते कशी?”

“फारशी जगत नाही. थोडेच दिवस.”

त्याने पाय खाली टेकवला. जरा विचार केला. “मंग तेवढ्या दिवसांत करते काय?”

“जोडीदार शोधते,” आकांक्षा म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिची कानशिलं तापली.

“आमच्यापेक्षा बरी हाये मंग. आमाले तर तेवढ्यासाठीबी सुट्टी नाई भेटत.”

त्याचं नाव रोशन. हिंगणघाटचा. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर, आणि हा मशीनवर ऑपरेटर. सेलू तालुक्यात, बोरच्या जंगलाच्या कडेला हिवरा नावाचं गाव आहे. तिथला नाला खोल आणि रुंद करायचं काम त्याच्या मालकाने घेतलं होतं. आकांक्षा पुलगावची. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून वर्ध्याच्या कॉलेजात सरांच्या हाताखाली वर्षभराच्या प्रकल्पावर होती. आणि ती ज्या चिखलात बसली होती, तोच चिखल त्याला काढायचा होता.

हा नाला होळीनंतर कोरडा पडतो. पण एका वळणावर, तीन जुन्या करंजांच्या सावलीत, खडकातून पाणी पाझरत राहतं. गावकरी त्याला झिरा म्हणतात. घोंगडीएवढी जागा, काळा चिखल, वर शेवाळ, आणि भर उन्हाळ्यातही हात घातला की बोटं गार. लांब पायांच्या या माश्यांना इंग्रजीत क्रेन फ्लाय म्हणतात. त्यांच्या अळ्यांना अशीच ओल लागते. आकांक्षाने वर्ध्याच्या आसपासचे कितीतरी ओढे पालथे घातले होते. ही माशी दुसरीकडे कुठेच नव्हती. तिच्या जवळच्या नात्यातल्या जाती एक तर हिमालयाच्या पायथ्याशी होत्या, नाहीतर पार सह्याद्रीच्या दाट रानात. मधल्या सगळ्या कोरड्या मुलखात कोणी नाही... आणि मग एकदम हा झिरा. इथे ती कशी उरली? पूर्वी सगळीकडे ओल होती आणि आता एवढीच राहिली म्हणून? की ती त्या दोन्हींहून वेगळीच, अजून नाव न मिळालेली जात होती?

उत्तर नराकडे होतं. कुल कळलं होतं, त्यातला गट म्हणजे प्रजाती कळली होती, नेमक्या जातीवर येऊन सगळं अडलं होतं. या माश्या एकमेकींसारख्याच दिसतात. नराच्या पोटाच्या टोकाला चिमट्यासारखे दोन अवयव असतात, त्यांच्या आकारावरून जात ठरते. आणि आकांक्षाला मिळाल्या होत्या त्या सगळ्या माद्या.

हे सगळं तिने रोशनला सांगितलं, जमेल तितक्या कोरड्या आवाजात. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, म्हणजे नराची ओळख फक्त तेवढ्यावरून? ती हो म्हणाली. तो एवढा हसला की वरच्या शेतातून अण्णाजींनी काय झालं म्हणून हाक मारली.

अण्णाजींचं शेत झिऱ्याला लागून होतं. विहीर मार्चमध्येच तळ दाखवायची, म्हणून नाला खोल व्हावा यासाठी त्यांनीच दोन वर्षं कचेरीत खेटे घातले होते. पोरीचं आडनाव काय, एवढं त्यांनी रोशनला विचारलं. उत्तर ऐकून पान चावत गप्प बसले. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी ताकाचा तांब्या मात्र त्यांनीच धाडला.

कामावरचे साहेब जीप घेऊन आले. वाईट माणूस नव्हता. आकांक्षाचं सगळं ऐकून घेतलं, भिंगातून मादीही पाहिली. मग म्हणाले, नाव आणा. या जातीचं हे नाव आणि ती इथेच आहे, एवढा कागद द्या. मी हे वळण सोडायला लिहितो. पण नाव नसलेल्या किड्यासाठी गावाचं पाणी कसं अडवू? मुदत दिली गुढीपाडव्याची.

अळ्या नेऊन वाढवायचा प्रयत्न तिने आधीच केला होता. टबात, झिऱ्याच्याच चिखलात. सगळ्यांना बुरशी लागली. आता राहिला तो एकच मार्ग... बसायचं आणि वाट बघायची.

रोशनने काम खालून करायचं सोडून वरच्या टोकापासून सुरू केलं, म्हणजे झिरा शेवटी येईल. तरी दिवस भराभर सरत होते. मग मशीनचा पाइप फुटू लागला. फिल्टर तुंबू लागला. एकदा तर ग्रीस संपलं म्हणून तो अर्धा दिवस झिऱ्याकाठी बसून राहिला.

“मशीन बिमार हाये का डायवर?” अण्णाजींनी काठावरून विचारलं.

“हाव अण्णाजी. ताप हाये.”

“मशीनले, का तुले?”

आकांक्षाने माश्या धरायच्या जाळीत तोंड लपवलं.

दुपारी मशीन थंड करायला ठेवून तो यायचा. एका दगडावर ती, दुसऱ्यावर तो, मध्ये त्याचा डबा. तो बघायला शिकला. माशी खोडावर बसली की अंग कसं डोलवते. तिचे पाय किती ठिसूळ, धरायला गेलं की हातात पाय राहतो आणि माशी उडून जाते. मादीचं टोक सुईसारखं, अंडी चिखलात रोवण्यासाठी. नराचं बोथट, जरा फुगीर. एकदा तिने त्याचं मनगट धरून बोट नेमकं त्या टोकाकडे वळवलं... माशी उडून गेली, तरी मनगट तिच्या हातात राहिलं. त्यानेही ते सोडवून घेतलं नाही. खडकातून पाण्याचे थेंब पडत होते, टप्, टप्, आणि तिला वाटलं, ही जागा वाचली तरच हे असं पुन्हा होईल. नाहीतर आपण दोघं पुन्हा भेटणार तरी कुठे आणि कशासाठी?

“नर भेटलाच नाई तर?” त्याने एकदा विचारलं.

“नर मादीच्या आधी कोषातून निघतात आणि आधी मरतात. मी उशिरा आले इथे. एखादा मागे राहिलेला असेल... असला तर.”

“असंन,” रोशन म्हणाला. “मागं राह्यनारे बी असतात.”

पाडवा जवळ आला तेव्हा सरांनी तिला अहवालासाठी वर्ध्याला बोलावून घेतलं. जाताना तिने रोशनला स्पिरिट भरलेली बाटली आणि आपलं भिंग दिलं. दिसला तर बाटली अलगद त्याच्याखाली धरायची, आत पडला की झाकण लावायचं, बास. त्याने बाटली छातीच्या खिशात ठेवली.

तिसऱ्या दिवशी तो मोटरसायकलवर थेट कॉलेजच्या फाटकाशी आला. अंगभर धूळ होती, डोळे लाल झाले होते, आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. त्याने शर्टाच्या आतून पेढ्याचा पुठ्ठ्याचा डबा काढला.

“सापडला,” तो म्हणाला. “बोथट टोक. मी भिंगातून पाह्यला, तुमची कसम.”

“बाटली?”

“बाटली हाये ना...” त्याने ती खिशातून काढली. स्पिरिट तसंच भरलेलं. “जिता होता तो. मागं राह्यलेला एकटाच. दारूत बुडवून मारायचं मन नाई झालं. मनलं, जिताच नेतो, तुमीच पाहा काय करायचं ते. जिनिंगमधला एक नंबरचा कापूस हाये, मऊ. धक्का बी नाई लागला.”

 आकांक्षा डबा घेऊन प्रयोगशाळेत गेली आणि तो दाराशी थांबला.

कापूस खरोखरच एक नंबरचा होता. लांब, चिवट तंतू. माशी त्यात धडपडली होती, आणि जितकी धडपडली तितके तंतू गुंडाळत गेले होते. पाय एकही राहिला नव्हता. पंख चुरडलेले. आणि पोटाच्या टोकाला, त्या दोन चिमट्यांमधून, कापसाचे तंतू असे फिरलेले की टोक दिसेना. तिने सूक्ष्मदर्शकाखाली दोन सुया धरल्या. एक तंतू निघाला, दुसरा निघाला. तिसऱ्याबरोबर टोकच निघालं, आणि कापसातून सोडवता सोडवता त्याचा चुरा झाला.

ती बाहेर आली. रोशनने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू, कसं पुसावं हे न कळल्यासारखं, जागच्या जागी राहून गेलं.

“तुम्ही हात लावायलाच नको होता,” ती म्हणाली. “मी सांगितलं होतं तेवढंच करायचं होतं.”

त्याने मान हलवली. जाताना बाटली फाटकाच्या खांबावर ठेवून गेला.

नंतर तिने उरलेले दिवस झिऱ्यावर काढले. रोशन नाल्याच्या वरच्या टोकाला होता. मशीनचा पाइप आता फुटत नव्हता. दोघांपैकी कोणीच मधलं अंतर चाललं नाही. नर पुन्हा दिसला नाही. हळूहळू माद्याही दिसेनाशा झाल्या. सरांनी अहवालात ‘जाती अनिश्चित’ लिहायला सांगितलं, आणि नाशिकच्या एका प्रयोगशाळेत तिच्यासाठी शब्दही टाकला.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ती हिवऱ्याला गेली. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. काठावर गाव जमलं होतं. करंज आदल्या दिवशीच पाडले होते, झिऱ्यावर पहिल्यांदाच ऊन पडलं होतं. अण्णाजी नारळ फोडायला आले होते. तिला पाहून त्यांनी नारळ तसाच हातात ठेवला आणि नजर दुसरीकडे वळवली. पोकलेन वळणाशी येऊन उभं होतं, बंद. रोशन त्याच्या पट्ट्यावर बसला होता.

“मी नाई चालवत,” ती जवळ आल्यावर तो म्हणाला. “मालकाले सांगतलं. दुपारी दुसरा येईन.”

“तो काय करेल?”

“खोदीन. त्याले काय मालूम इथं काय हाये.”

ती त्याच्या शेजारी बसली. लोखंड तापलं होतं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. त्याऐवजी आपल्या घरची बोली तोंडात आली.

“त्या दिवशी तू त्याले बाटलीत बुडवून आनला असता,” ती म्हणाली, “तर मले नर भेटला असता. झिरा राह्यला असता. पन मंग... तो तू नसता.”

रोशन पट्ट्यावरची वाळलेली माती नखाने खरवडू लागला.

“तुले मी लय वाईट बोलली. तुझ्यावर जीव हाये माझा, हे पहिले सांगायचं होतं. ते राहूनच गेलं.”

 काठावर पोरंसोरं उन्हाने कंटाळून भांडू लागली होती.

“आता काय करू मी?” त्याने विचारलं. “तू सांग.”

“तूच खोद.”

“आकांक्षा...”

“इथं काय हाये ते ज्याले मालूम हाये, त्याच्या हातानं होऊ दे. दुसऱ्याच्या नको.”

“अन् त्याच्यानंतर माह्याकडे पाहशीन काय कधी?”

 ती पट्ट्यावरून उठली आणि केबिनचं दार उघडून त्याची वाट बघत उभी राहिली.

नारळ फुटला. रोशन केबिनमध्ये बसला, आकांक्षा दाराला धरून पट्ट्यावरच उभी राहिली आणि इंजिन सुरू झालं. पहिला पंजा त्याने इतका हळू उतरवला की काठावरचे लोक चुळबुळले. काळा चिखल वर आला, शेवाळ, मुळ्या, सगळं ओलं आणि चकाकणारं. त्यातच कुठेतरी पुढच्या वर्षीच्या अळ्या होत्या. त्यांत उद्याच्या माद्या होत्या आणि नरही होते. त्याने तो चिखल काठावर असा ठेवला, जसं कोणी निजलेलं मूल ठेवतं. आकांक्षाने डोळे मिटले नाहीत. खड्ड्यात पाणी उमटलं, आधी गढूळ, मग नितळ, आणि काठावरून टाळ्या आल्या. अण्णाजींनी टोपी काढून पाण्याकडे हात जोडले. त्यांच्या विहिरीला आता मे महिन्यापर्यंत पाणी राहणार होतं. त्यांच्यावर रागही धरता येत नव्हता... हेच सगळ्यात कठीण होतं.

“आता तुह्यं काम सरलं,” रोशन समोर बघत म्हणाला. “नाशिकले जाशीन?”

“अजून ठरलं नाई. काहीच ठरलं नाई माझं.” तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. “पन आज मले एकटीनं घरी जायचं नाई, रोशन.”

सीट एकाच माणसासाठी केलेली होती. तो एका कडेला सरकला आणि उरलेल्या जागेत ती बसली. त्याने दांड्यावर हात ठेवला, तिने त्याच्या हातावर आपला ठेवला, आणि नाल्याचं राहिलेलं वळण दोघांनी मिळून खोदून काढलं.